‘घेत नाही’ म्हणायचं कसं, आणि ‘कमी घेतो’ म्हणायचं कसं

प्रश्न थोडक्यात असा आहे: ‘गेल्या काही महिन्यांपासून मी पिणं अगदी कमी केलंय, बहुतेक वेळा घेतच नाही. आजार नाही, धार्मिक कारण नाही, व्यसनही कधी नव्हतं. झोप चांगली लागते, सकाळ चांगली जाते, एवढंच. पण चारचौघांत गेलं की काय सांगायचं ते कळत नाही. ‘सोडली’ म्हटलं तर लोक चमकून बघतात, ‘कमी केलीय’ म्हटलं तर ‘मग आज एक चालेल’ म्हणतात, आणि नुसतं ‘नको’ म्हटलं तर अर्धा तास तोच विषय चालतो. बाकीचे लोक हे कसं निभावतात?’

व्यसनमुक्तीच्या कामात समुपदेशक म्हणून मला बरीच वर्षं झाली. माझ्याकडे दारू सुटलेले येतात, सुटता सुटता पुन्हा लागलेले येतात, आणि तुमच्यासारखे, ज्यांना व्यसन नाही पण ही बोलण्याची अडचण आहे, असेही येतात. ही अडचण क्षुल्लक समजू नका. दारूशिवाय राहणं ज्यांना जमतं, त्यांनाही ‘मी घेत नाही’ हे तीन शब्द मोकळेपणाने म्हणणं जमत नाही, आणि केवळ तेवढ्यासाठी ते नको असलेला ग्लास हातात घेतात. हे मी इतक्यांदा ऐकलंय की आता पहिल्या भेटीतच विचारते, ‘नाही म्हणायला लाज वाटते का?’

तुमच्या पत्रात दोन प्रश्न एकमेकांत गुंतलेत, ते आधी सोडवून घेऊ. न पिणं आणि कमी पिणं या बोलण्याच्या दृष्टीने अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. न पिणाऱ्याला अडचण येते ती समोरच्याशी बोलताना, आणि ती एका छोट्या वाक्याने सुटते. कमी पिणाऱ्याची खरी अडचण स्वतःशी बोलताना असते, आणि ती आकडा आल्याशिवाय सुटत नाही. तुम्ही ‘अगदी कमी, बहुतेक वेळा नाही’ असं लिहिलंत. घरात स्वतःशी असं म्हणायला काहीच हरकत नाही. चारचौघांत मात्र हेच वाक्य आग्रहाला दार उघडं ठेवतं. त्यामुळे एखाद्या कार्यक्रमाला जाताना ठरवून जा, आज आपण न पिणारे आहोत की कमी पिणारे.

आधी न पिण्याबद्दल बोलते.

आमच्याकडे गटात सरावासाठी छोटे प्रसंग करून बघतो. पन्नाशीचे एक गृहस्थ होते, त्यांना मेव्हण्याच्या घरी जायचं होतं आणि त्याचंच टेन्शन होतं. मी मेव्हणा झाले. ‘या भावोजी, बसा. काय भरू?’ ते म्हणाले, ‘नको रे आज. म्हणजे तसं काही नाही, पण जरा ॲसिडिटी झालीय, आणि उद्या लवकर उठायचंय, शिवाय गाडी घेऊन आलोय, आणि डॉक्टर पण म्हणाले होते की जरा…’ मी म्हटलं, ‘ॲसिडिटीची गोळी घरात आहे, गाडी माझा मुलगा घरी सोडेल, लवकर उठायचंय तर लवकर सुरू करू. आणि तुमचे डॉक्टर स्वतः किती घेतात ते विचारा एकदा.’ त्यांच्याकडे उत्तर नव्हतं. मी रिकामा ग्लास पुढे केला आणि त्यांनी तो घेतला. खोट्या प्रसंगात, रिकामा ग्लास, तरी हात पुढे आला. ते स्वतःच त्या हाताकडे बघत राहिले.

दुसऱ्या वेळी त्यांना एवढंच सांगितलं, की कारण द्यायचं नाही. ‘काय भरू, भावोजी?’ ‘मी घेत नाही आता. गार पाणी दे, आणि तुझ्या मुलीच्या ॲडमिशनचं काय झालं ते सांग.’ आता माझ्याकडे बोलायला काही उरलं नाही. पाणी आणणं आणि मुलीबद्दल सांगणं, दोनच गोष्टी करता येत होत्या.

त्या एका वाक्यात काय काय झालं ते बघा. ‘घेत नाही’ म्हटल्यावर ती माहिती होते. ‘आज नको’ ही विनंती असते, आणि विनंती नाकारता येते. ‘आता’ या शब्दाने पूर्वी घेत होतो हे मान्य केलं, त्यामुळे ‘मागच्या वेळी तर घेतली होतीस’ हा मुद्दा आधीच संपला. मग पाणी मागितलं, म्हणजे यजमानाला काहीतरी देता आलं. पाहुण्याच्या हातात काही नाही याची रुखरुख यजमानाला खरोखर असते, आणि अर्धा आग्रह त्यातूनच येतो. शेवटी विषय बदलला, तोही समोरच्याच्या जिव्हाळ्याचा काढला. वाक्य पूर्ण झालं की गप्प बसून परवानगीची वाट बघू नका. त्या शांततेतच पुढचा प्रश्न येतो.

कारण का द्यायचं नाही, हे लोकांना सुरुवातीला पटत नाही. कारण दिलं नाही तर उद्धट वाटेल अशी भीती असते. पण प्रत्येक कारणाला उत्तर असतं, आणि पिणाऱ्या मंडळींकडे ती उत्तरं तयार असतात. एक कारण दिलंत तर ते खोडलं जातं. चार दिलीत तर समोरच्याला कळतं की यातलं एकही पक्कं नाही. एखादा जवळचा माणूस खरंच जाणून घ्यायला विचारत असेल, तर त्याला दुसऱ्या दिवशी निवांत सांगा. बाटली उघडी असताना त्या विषयावर नीट बोलणं होत नाही.

‘मला चालत नाही’, ‘मला परवानगी नाही’ या वाक्यांपेक्षा ‘मी घेत नाही’ बरं, असं मी आग्रहाने सांगते. व्हॅनेसा पॅट्रिक आणि हेन्रिक हॅग्टव्हेट या दोन संशोधकांनी २०१२ मध्ये अशाच फरकावर प्रयोग प्रसिद्ध केले होते. मोहाला नकार देताना ‘मला करता येत नाही’ असं स्वतःला सांगणाऱ्यांपेक्षा ‘मी करत नाही’ म्हणणारे आपल्या ठरवलेल्या गोष्टीला जास्त धरून राहिले. ते प्रयोग दारूवर नव्हते, खाण्यासारख्या रोजच्या मोहांवर होते, त्यामुळे त्यांच्यावर सगळा भार टाकणार नाही. पण माझ्या खोलीत मी हाच फरक रोज बघते. ‘चालत नाही’ म्हणणाऱ्याने निर्णय दुसऱ्या कुणाच्या तरी हातात दिलेला असतो, आणि तो दुसरा आसपास नसला की निर्णयही नसतो.

इथे जरा थांबून बायकोबद्दल बोलायचं आहे, कारण या गोष्टीचा मला मनापासून त्रास होतो. सगळ्यांत जास्त वापरलं जाणारं कारण कोणतं, तर ‘घरी चालत नाही’, ‘बायको चिडते’, ‘हिने सक्त मनाई केलीय’. सांगणाऱ्याला हे सोपं पडतं. सगळे हसतात, ‘बिचारा’ म्हणून सोडून देतात. पण त्या हसण्याची किंमत ती देते. पुढच्या वेळी ती सोबत आली की तिला ऐकावं लागतं, ‘वहिनी, आज तरी मोकळं सोडा की याला.’ निर्णय त्याचा, फायदा दोघांचा आणि दोष तिचा एकटीचा. आणखी वाईट म्हणजे, हे वाक्य पुन्हा पुन्हा म्हणून त्यालाही ते खरं वाटू लागतं. मग भांडणाच्या दिवशी पिणं म्हणजे तिच्यावर सूड उगवणं होतं. नवरा-बायको दोघं समोर बसलेले असताना मी हे अनेकदा उलगडून दाखवलंय. त्या वेळी ती जे म्हणते ते साधारण सारखंच असतं: ‘मी कधी नाही म्हटलंच नव्हतं हो, यानेच ठरवलं होतं.’ तेव्हा कृपा करून बायकोला, आईला, मुलांना ढाल म्हणून पुढे करू नका.

औषधांचं कारण त्या मानाने निरुपद्रवी, पण ते एका संध्याकाळपुरतंच पुरतं. ‘गोळ्या चालू आहेत’ म्हटलं की पुढच्या भेटीत ‘संपल्या का गोळ्या?’ येतं. खरोखर औषध चालू असेल तर जरूर सांगा, त्यात लपवण्यासारखं काही नाही. नसेल तर हे खोटं दर वेळी नव्याने सांभाळावं लागतं.

आता समोरची माणसं इतका आग्रह का करतात ते बघू, कारण हे कळलं की राग निम्मा होतो. काहींना खरंच तुमचा पाहुणचार करायचा असतो. काहींना सवय असते. पण बऱ्याच जणांना तुमच्या ‘नाही’मध्ये स्वतःबद्दलचा निकाल ऐकू येतो. तुम्ही बोललात स्वतःबद्दल, त्यांना ऐकू आलं ‘तू फार पितोस’. म्हणून पहिल्या वाक्याला जोडून दुसरं असावं, त्यांना मोकळं करणारं. ‘काका, मी घेत नाही, तुम्ही निवांत घ्या, मी बसतोय इथेच.’ ‘बसतोय’ हे फार महत्त्वाचं आहे. पिणाऱ्यांना सोबत सुटायची धास्ती असते. आपण घेणार नाही पण उठूनही जाणार नाही, एवढं कळलं की बहुतेक जण शांत होतात.

दुसरी एक गंमत १९९३ मध्ये डेबोरा प्रेंटिस आणि डेल मिलर या मानसशास्त्रज्ञांनी प्रिन्स्टन विद्यापीठात दाखवून दिली. विद्यार्थ्यांना विचारलं, की इथल्या पिण्याच्या प्रकाराबद्दल तुम्हाला स्वतःला कसं वाटतं, आणि बाकीच्यांना कसं वाटत असेल? बहुतेकांचं म्हणणं निघालं, की मला जरा अस्वस्थ वाटतं, पण बाकीच्यांना सगळं ठीक वाटतं. प्रत्येकाला आपण एकटेच वेगळे आहोत असं वाटत होतं, आणि त्याच समजापायी कुणी बोलत नव्हतं. पुढे मुलग्यांची स्वतःची मतंसुद्धा त्या चुकीच्या समजाच्या दिशेने सरकत गेली. तुमच्या बैठकीतही असा कुणीतरी नक्की असतो. तुम्ही एकदा साधेपणाने ‘घेत नाही’ म्हणालात की तासाभराने कुणीतरी हळूच तुमच्या शेजारी येऊन विचारतो, ‘जमलं कसं रे तुला?’ हे मला इतक्या जणांनी सांगितलंय की मी आता आधीच सांगून ठेवते: असा माणूस येईल, त्याच्याशी नीट बोला.

आणि संख्येचाच विचार करायचा तर जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ च्या अहवालात दिलेला आकडा लक्षात ठेवा. २०१६ साली जगातल्या पंधरा वर्षं आणि त्यावरच्या लोकांपैकी निम्म्याहून जास्त, साधारण ५७ टक्के लोकांनी मागच्या बारा महिन्यांत दारू घेतलेली नव्हती. म्हणजे तुम्ही अल्पसंख्य असाल ते त्या टेबलापुरते.

मात्र हा आकडा टेबलावर सांगू नका. आरोग्याचे इतरही नाहीत. दारू कर्करोग घडवते हे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९८८ मध्येच पहिल्या गटात, म्हणजे माणसाला कर्करोग होतो हे सिद्ध झालेल्या गोष्टींत, नोंदवलेलं आहे. शरीरात दारूचं ॲसिटाल्डिहाइड नावाचं रसायन होतं आणि ते पेशींच्या डीएनएला इजा करतं. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये सरळच म्हटलं, की अमुक प्रमाण सुरक्षित आहे असं सांगता येत नाही. हे सगळं खरं आहे आणि तुमच्या निर्णयामागे ते जरूर असू द्या. पण समोरच्याच्या हातात भरलेला ग्लास असताना हे ऐकवलंत, तर तो ग्लास खाली ठेवत नाही. तो वाद घालायला लागतो, ‘माझे आजोबा रोज घ्यायचे, नव्वद वर्षं जगले’ म्हणतो, आणि बोलता बोलता स्वतःलाच पटवत जातो. प्रेरणा देणाऱ्या संवादाची जी पद्धत मानसशास्त्रज्ञ विल्यम मिलर यांनी १९८३ मध्ये मांडली, तिचा पायाच हा आहे. माणूस स्वतःच्या तोंडाने ज्या बाजूने बोलतो, त्या बाजूला झुकतो. तुम्ही न पिण्याची बाजू धरलीत की पिण्याची बाजू त्याच्या वाट्याला येते.

मुलींच्या आणि स्त्रियांच्या बाबतीत आणखी एक ओझं असतं. एखादी नेहमी घेणारी ‘आज नको’ म्हणाली की लगेच डोळे चमकतात आणि ‘काय गं, गोड बातमी?’ येतं. विचारणारीचा हेतू वाईट नसतो. पण जिचा नुकताच गर्भपात झालाय, जी उपचार घेतेय, किंवा जिला अजून कुणाला सांगायचंच नाही, तिला त्या क्षणी भर बैठकीत चेहरा सांभाळावा लागतो. माझ्यासमोर बसून या एका प्रश्नावर रडलेल्या बायका मी पाहिल्यात. ज्यांना हा प्रश्न विचारला जातो त्यांनी ‘नाही गं, घेतच नाही सध्या’ म्हणून पुढे जावं, खरं-खोटं काही सिद्ध करायला जाऊ नये. आणि जे विचारतात त्यांनी विचारणं बंद करावं. कुणी का घेत नाही, हा प्रश्न भर बैठकीत कुणालाच विचारायचा नसतो.

ऑफिसचं थोडक्यात. वरिष्ठांसमोर लोकांना वाटतं की नकार दिला तर आपण ‘त्यांच्यातले’ राहणार नाही. ‘सर, मी घेत नाही, लाइम सोडा घेतो’ हे एका दमात, ऑर्डर दिल्यासारखं म्हणावं. लक्ष द्या, यात ‘सोडा’ ही ऑर्डर आहे. वेटरकडे वळून म्हटलंत तर आणखी बरं. हातात काहीतरी असू द्या, पण त्यात दारू आहे असं भासवण्याचा खेळ करू नका. एकदा भासवलं की पुढच्या वेळी तुमच्यासाठी परस्पर मागवली जाते. बिनअल्कोहोलची बिअर तुमच्यासारख्याला ठीक आहे, फक्त लेबल वाचा. अनेक देशांत ०.५ टक्क्यापर्यंत अल्कोहोल असलेल्या पेयावरही तसं लिहिता येतं. व्यसनातून बाहेर आलेल्यांना मात्र मी ती घेऊ नका असंच सांगते. चव आणि वास तोच असतो, आणि तलफ जागी व्हायला तेवढं पुरतं.

आता कमी पिण्याकडे येऊ. ‘थोडी’, ‘कधीतरी’, ‘फक्त सोबतीला’, ‘बेताची’. या शब्दांनी समोरच्याला काही कळत नाही हे तर झालंच, पण बोलणाऱ्यालाही कळत नाही. मी टेबलावर एक ग्लास, पाण्याची बाटली आणि औषधाचं मापाचं भांडं ठेवते आणि म्हणते, ‘तुमचा नेहमीचा एक पेग भरून दाखवा.’ माणूस सवयीने भरतो. मग ते पाणी मापात ओततो. बहुतेक वेळा ते त्याने तोंडी सांगितलेल्या मापापेक्षा जास्त निघतं, कधी कधी जवळपास दुप्पट. इथे कुणी खोटं बोललेलं नसतं. घरचा पेग मापाने भरला जात नाही, डोळ्यांनी भरला जातो, आणि ग्लास रुंद असला की डोळे फसतात.

हिशेब अवघड नाही. किती मिली, गुणिले बाटलीवर लिहिलेले टक्के, भागिले शंभर, म्हणजे शुद्ध अल्कोहोल किती मिली ते निघतं. त्याला ०.७९ ने गुणलं की ग्रॅम. ४० टक्क्यांची ३० मिली म्हणजे साधारण ९.५ ग्रॅम. १२ टक्क्यांची वाइन १५० मिली म्हणजे १४ ग्रॅम. पाच टक्क्यांची ३३० मिली बिअर म्हणजे १३ ग्रॅम. आणि आठ टक्क्यांची ६५० मिलीची मोठी बाटली म्हणजे ४१ ग्रॅम, त्या ३० मिलीच्या पेगच्या चौपटीहून जास्त. ‘मी फक्त एक बिअर घेतो’ म्हणणाऱ्याने ही शेवटची ओळ दोनदा वाचावी.

मग कमी म्हणजे किती? देशादेशांची मोजमापं वेगळी आहेत. ब्रिटनने २०१६ मध्ये आठवड्याला १४ युनिटची मर्यादा सांगितली, त्यांचं एक युनिट आठ ग्रॅमचं, म्हणजे आठवड्याला ११२ ग्रॅम. ऑस्ट्रेलियाने २०२० मध्ये आठवड्याला दहा ग्रॅमची दहा मापं सांगितली, आणि एका दिवसात चारच्या वर नाही. कॅनडातल्या २०२३ च्या मार्गदर्शनात तर आठवड्याला दोन मापांपर्यंतच धोका कमी मानलाय. तिथलं एक माप साडेतेरा ग्रॅमच्या आसपास असतं. यातला कोणताही आकडा सुरक्षिततेची हमी देत नाही. पण तुमची ‘कमी’ या आकड्यांच्या कुठे बसते ते एकदा कागदावर मांडून बघा. ‘आठवड्याला दोन’ असं स्वतःशी ठरवलेल्या माणसाला कळतं आपण कधी ओलांडलं. ‘बेताने’ ठरवणाऱ्याला कधीच कळत नाही.

आकडा ठरला की चारचौघांतलं वाक्यही सोपं होतं. ‘दोन झाले माझे’ हे ‘बास आता, खूप झाली’पेक्षा कितीतरी चांगलं. ‘खूप झाली’वर ‘कुठे रे, शुद्धीत तर आहेस’ येतं. ‘दोन झाले माझे’वर फारसं काही येत नाही. सुरुवातीला ‘मी एकच घेणार हं’ अशी घोषणा मात्र करू नका, ती ऐकून लोक पैज लावल्यासारखे मागे लागतात. आणि ग्लास अर्धा असताना कुणाला भरू देऊ नका. वरचेवर भरत राहणाऱ्या ग्लासात मोजणी होतच नाही, आणि भरणाऱ्याचा हात प्रेमाने सढळच असतो. ग्लासवर तळहात ठेवून ‘संपू दे’ म्हणावं, बस. वेगाचंही भान ठेवा. शरीर तासाला साधारण सात ते दहा ग्रॅमच अल्कोहोल निपटतं, आणि कॉफीने, थंड पाण्याच्या अंघोळीने किंवा उलटीने हा वेग वाढत नाही. मधे मधे पाणी प्यायल्याने आधी पोटात गेलेली कमी होत नाही, पण पुढची लांबते, म्हणून ते जरूर करा.

तुम्ही लिहिलंत व्यसन कधी नव्हतं. मी ते खरं धरून चालते. पण हे वाचणाऱ्या दुसऱ्या कुणासाठी सांगते. जॉन युइंग यांनी १९८४ मध्ये चार प्रश्नांची एक छोटी चाचणी प्रसिद्ध केली, ती आजही वापरतात. पिणं कमी करायला हवं असं कधी वाटलंय का? तुमच्या पिण्यावर कुणी बोललं की राग आलाय का? पिण्याबद्दल अपराधी वाटलंय का? सकाळी उठल्या उठल्या, हात स्थिर व्हायला किंवा उतरवायला, घ्यावी लागलीय का? दोन किंवा जास्त उत्तरं ‘हो’ असतील तर समुपदेशक किंवा मानसोपचारतज्ज्ञाला भेटा. दुसरा प्रश्न बोलण्याबद्दलचाच आहे. न पिण्याचा विषय निघाला की एखाद्याला हसू येतं, एखाद्याला कंटाळा येतो, ते ठीक. राग येत असेल तर त्या रागाकडे लक्ष द्यावं.

आणि हे कुणीही हलक्यात घेऊ नका: रोज भरपूर पिणाऱ्याने, विशेषतः सकाळी हात थरथरणाऱ्याने, कुठलंही आव्हान स्वीकारल्यासारखी एका दिवसात दारू बंद करू नये. शेवटच्या पेगनंतर सहा ते चोवीस तासांत घाम, थरथर, घाबरं होणं सुरू होऊ शकतं. पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात. दोन ते चार दिवसांच्या दरम्यान भ्रम, भास, ताप अशी अवस्था येऊ शकते, आणि ती जीवघेणी ठरू शकते. यावर औषधं आहेत आणि ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली घेतली की हा टप्पा सहसा सुखरूप पार पडतो. अशा माणसाला मित्रांनी ‘मर्द असशील तर उद्यापासून बंद’ म्हणणं हा गुन्हा आहे, माझ्या मते.

व्यसनातून बाहेर आलेल्यांसाठी ‘कमी’ हा पर्याय मी सहसा सुचवत नाही. त्यांचं वाक्य ‘मी घेत नाही’ हेच, आणि त्याच्या मागची कहाणी सांगायची की नाही हे सर्वस्वी त्यांच्या हातात. १९३५ मध्ये सुरू झालेल्या अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस या दारू सोडणाऱ्यांच्या स्वमदत संघटनेने नाव गुप्त ठेवण्याची प्रथा पाडली ती याच समजुतीने. तुमच्या ओळखीत असा कुणी असेल तर ‘हा पूर्वी काय प्यायचा, बापरे’ असे किस्से त्याच्यासमोर काढू नका. तो हसेल, पण घरी जाताना त्याला ते सलत राहतं.

यजमानांनाही एक सांगणं आहे, कारण निम्मं काम त्यांच्या हातात असतं. ‘घेतोस ना?’ असं विचारू नका. ‘काय देऊ तुला?’ असं विचारा, आणि काय काय आहे ते सांगताना सरबत, सोडा, पाणी हे दारूच्याच दमात सांगा. सगळं एकाच टेबलावर, सारख्याच ग्लासांत ठेवा. न पिणाऱ्यांना लहान मुलांच्या खोलीतलं कोल्ड्रिंक आणून दिलं की ते पाहुणे राहत नाहीत. उत्तर एकदा मिळालं की पुन्हा विचारू नका. दोनदा विचारणं हा पाहुणचार आहे असं पुष्कळांना वाटतं, पण दुसऱ्या वेळी विचारलेला प्रश्न ऐकणाऱ्याला दबावच वाटतो.

आता तुमची पुढची बैठक. पहिला अर्धा तास कठीण असतो, पेयं वाटली जातात तोच. एकदा सगळ्यांच्या हातात काही आलं की कुणाच्या ग्लासात काय आहे याकडे फारसं कुणी बघत नाही. म्हणून शक्यतो थोडे लवकर जा, स्वतःचं पेय स्वतः घ्या आणि हातात ग्लास असतानाच बाकीच्यांना भेटा. वाक्य घरी दोन-चार वेळा मोठ्याने म्हणून बघा. मनातल्या मनात म्हटलेलं ऐन वेळी जिभेवर येत नाही. कुणी फारच मागे लागला तर तेच वाक्य तसंच पुन्हा म्हणा, नवीन शब्द घालू नका. तिसऱ्यांदाही थांबला नाही तर त्याच्या शेजारून उठून दुसऱ्या घोळक्यात जा, आणि तरी जमलं नाही तर घरी निघा. त्यात काही बिघडत नाही.

शिवाय त्या मंडळीतल्या एकाला, ज्याच्यावर भरवसा आहे अशाला, आधीच सांगून ठेवा: ‘मी सध्या घेत नाही, कुणी मागे लागलं तर तू विषय बदल.’ एवढंच काम त्याच्याकडे. बहुतेक मित्र ते आनंदाने करतात. हा फोन आदल्या दिवशी करा. त्याच संध्याकाळी केलात, तर तोवर त्याचा पहिला पेग भरून झालेला असतो.